पक्षनाम आणि भूमिका : खानदेशातील राजकीय ओळखीचा एक विचार

निवडणुकीच्या दिवसांत जळगाव वा धुळ्याच्या बाजारपेठेत एखाद्याची राजकीय ओळख जाणून घ्यावयाची असल्यास प्रश्न बहुधा षष्ठीत विचारला जातो : 'तुम्ही कोणाचे?' उत्तरही षष्ठीतच येते. ज्या '-चा' प्रत्ययाने मनुष्य गावाचा होतो, घराण्याचा होतो, त्याच प्रत्ययाने तो पक्षाचाही होतो. अहिराणीत या जागी '-ना, -नी, -नं' असे प्रत्यय येतात; संबंध तोच. पक्षाशी असलेले नाते भाषेने येथे मताचे न मानता मालकीचे किंवा कुळाचे मानलेले आहे. म्हणूनच ज्याला आपली भूमिका नीट उमगलेली नाही, किंवा उमगली असूनही जी कोणत्याच एका पक्षाच्या नावात मावत नाही, अशा माणसाला या प्रश्नाचे उत्तर देणे जड जाते. 'कोणाचाच नाही' असे तो म्हणाला तर ऐकणारा त्याला उदासीन तरी समजतो, नाहीतर लबाड तरी.

मराठीत राजकीय ओळख सांगण्याचे आणखी दोन-तीन मार्ग आहेत. '-वाला' लावून केलेले नाव (काँग्रेसवाला, लाल बावटेवाला) बोलीतले आहे आणि ते पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडून येते. '-ई' लावून केलेल्या 'काँग्रेसी', 'जनसंघी' या रूपांना विरोधकाच्या जिभेची किंचित धार असते. '-वादी' हे मात्र ग्रंथातून आलेले रूप होय. समाजवादी, साम्यवादी, गांधीवादी असे स्वतःस म्हणविणाराने एक सिद्धान्त वाचला आहे, पारखला आहे आणि मान्य केला आहे असे या शब्दांत गृहीत असते. व्यवहारात हे गृहीतक क्वचितच खरे ठरते. परंतु षष्ठीतील उत्तर जे मुळीच मागत नाही ती विचाराची जबाबदारी '-वादी' निदान मागते तरी.

'पक्ष' हा शब्दच या बाबतीत उद्‌बोधक आहे. पंख, बाजू, पंधरवडा असे त्याचे अर्थ सर्वांस ठाऊक आहेत. शास्त्रार्थात पूर्वपक्ष असतो व तो मांडणाराने पुढे तो सोडला तरी त्याची नाचक्की होत नाही. न्यायशास्त्रात तर ज्या ठिकाणी साध्य अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे त्या ठिकाणालाच पक्ष म्हणतात. पर्वतावर अग्नी आहे या प्रसिद्ध अनुमानात पर्वत हा पक्ष होय. धूर दिसला आहे, अग्नी सिद्ध व्हावयाचा आहे. आधुनिक राजकारणाने या शब्दाची संदिग्धता काढून घेतली आणि त्याला कुंपण घातले. आता माणूस पक्षात असतो, पक्षाबाहेर असतो, किंवा पक्षांतर करतो.

हे कुंपण खानदेशात फार जुने नाही. डिसेंबर १९३६ मध्ये त्या वेळच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. मानवेंद्रनाथ रॉय नुकतेच तुरुंगातून सुटून तेथे आले होते. अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही त्याच वेळी फैजपुरास झाले. १९३४ मध्ये स्थापन झालेला काँग्रेस समाजवादी पक्ष हा काँग्रेसच्या पोटातील पक्ष होता, आणि त्याच वर्षी बंदी आलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे पुष्कळ कार्यकर्ते या समाजवादी पक्षात राहून काम करीत होते. फैजपूरच्या मांडवातील एखादा तरुण एकाच दिवशी काँग्रेसचा, समाजवादी आणि किसान सभेचा असू शकत होता, व त्यात त्याला स्वतःला विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. 'तुम्ही कोणाचे?' या प्रश्नास त्या काळी अनेकवचनी उत्तर देता येत होते.

फैजपूर अधिवेशनासाठी खेडोपाडी राबलेल्यांत पांडुरंग सदाशिव साने हे एक होते. पक्षनाम आणि भूमिका यांतील अंतर अभ्यासावयाचे तर खानदेशात याहून अधिक बोलके उदाहरण सापडणे कठीण. साने मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडचे. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. सहा वर्षे त्यांनी तेथे शिकविले, वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक चालविले, आणि १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली अठरा प्रवचने सान्यांनी उतरून घेतली म्हणूनच ती आज उपलब्ध आहेत. येथपर्यंत त्यांस गांधीवादी म्हणण्यास कोणाचीच हरकत नसावी.

१९३८ मध्ये अमळनेरहून त्यांनी साप्ताहिक काढले. त्याचे नाव 'काँग्रेस'. त्या वेळी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर होते. पक्षाचे नाव धारण करणारे पत्र पक्षाच्या सरकारची तरफदारी करील अशी अपेक्षा कोणीही केली असती. परंतु साने त्याच काळात पूर्व खानदेशातील शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्याचा प्रश्न घेऊन सरकारपुढे उभे होते व गिरणी कामगारांत वावरत होते. या कामात त्यांचे सोबती पुष्कळदा कम्युनिस्ट असत. साहजिकच गुरुजी कम्युनिस्ट झाले असा बोलबाला झाला. १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला लोकयुद्ध मानले व 'चले जाव' लढ्यापासून तो दूर राहिला. साने भूमिगत झाले. हा बोलबाला मग आपोआप थांबला आणि ते समाजवादी ठरले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले, तेव्हा गांधीजींनीच त्यांस उपोषण सोडण्याविषयी तार केली होती. ते सोडण्यात आले नाही. मंदिर उघडले. फेब्रुवारी १९४८ मध्ये मात्र गांधीहत्येनंतर याच माणसाने एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी काँग्रेसने आपल्या पोटातील संघटित पक्षांना मनाई केली, समाजवादी बाहेर पडले, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या सान्यांच्या नव्या साप्ताहिकाचे नाव 'साधना' असे होते. दहा वर्षांपूर्वीचे नाव पक्षाचे होते. हे नाव क्रियेचे आहे.

पक्षनामांच्या या क्रमाकडेच पाहिल्यास सान्यांचे चरित्र अस्थिर वाटते, आणि त्यांच्या हयातीत तसे म्हणणारे होतेही. भावनाप्रधान मनुष्य, आज येथे तर उद्या तेथे, असा हा आक्षेप. तो मान्य करता येत नाही. 'कोणाचे' हा प्रश्न बाजूस ठेवून 'कोणासाठी' हा चतुर्थीचा प्रश्न विचारला की चित्र पालटते. वसतिगृहातील मूल, सारा न देऊ शकणारा कुणबी, अमळनेरचा गिरणी कामगार, देवळाबाहेर उभा असलेला महार : १९२४ पासून अखेरपर्यंत या मालिकेत कोणीही गळलेला नाही, भर मात्र पडत गेली आहे. पक्ष बदलले ते बहुतांशी पक्षांनी आपापल्या जागा बदलल्यामुळे. १९३६ मध्ये एकाच मांडवात मावणारी तीन नावे १९४२ मध्ये दोन ठिकाणी गेली, १९४८ मध्ये तीन ठिकाणी. सान्यांना प्रत्येक वेळी निवड करावी लागली, आणि प्रत्येक निवडीत जुने स्नेही तुटले. ही किंमत लहान नव्हती. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हाताने जीवन संपविले. त्या कृतीची कारणमीमांसा एखाद्या राजकीय निराशेत शोधण्याचा मोह टाळलेला बरा.

लोकांनी त्यांस दिलेले आणि टिकलेले नाव मात्र गांधीवादीही नाही आणि समाजवादीही नाही. ते 'गुरुजी' आहे. अवघ्या सहा वर्षांच्या शाळेतील नोकरीवरून ते पडले, आणि पुढील वीस वर्षांच्या राजकारणाला ते पुसून टाकता आले नाही. अभ्यासकाने या गोष्टीची दखल घ्यावयास हवी. माणसाची राजकीय ओळख तो स्वतः शोधत असतो तेव्हा आजूबाजूचा समाजही ती शोधत असतो, आणि समाजाच्या हाती लागलेले नाव पुष्कळदा राजकारणाच्या शब्दकोशाबाहेरचे असते.

हे एका असामान्य व्यक्तीपुरते झाले असे कोणी म्हणेल. त्यासाठी १९५७ ची लोकसभा निवडणूक पाहावी. संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यास स्थापन झाली होती. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि जनसंघ असे एरवी एका पंक्तीस न बसणारे पक्ष भाषिक राज्याच्या मागणीसाठी तीत एकत्र आले. त्या निवडणुकीत पूर्व खानदेशातून नौशेर भरुचा अपक्ष म्हणून निवडून आले, धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील, आणि पश्चिम खानदेशच्या आदिवासी मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षाचे लक्ष्मण वेडू वळवी. लगतचे तीन मतदारसंघ, तीन निरनिराळी पक्षनामे. त्यांतील एक तर पक्षच नसल्याचे नाव. त्या वर्षी संपूर्ण देशात जनसंघाचे केवळ चार खासदार झाले, त्यांतील एक धुळ्याचा.

आता पक्षनामावरून मतदाराची ओळख ठरविणारा अभ्यासक यावरून काय अनुमान काढील? धुळ्याचा मतदार हिंदुत्ववादी होता, शेजारचा समाजवादी आणि तापीकाठचा पक्षनिरपेक्ष, असे त्याला म्हणावे लागेल. ते उघडच हास्यास्पद आहे. तिन्ही ठिकाणी मताचा मुख्य आशय एकच होता, आणि तो मतपत्रिकेवरील कोणत्याही पक्षाच्या नावात लिहिलेला नव्हता. राज्याची मागणी १ मे १९६० रोजी पूर्ण झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेस मोठ्या बहुमताने परतली. मतदार बदलला असे म्हणण्यापेक्षा त्याने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणणे अधिक युक्त होय.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रकाराची सवय असते. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्ली बोलींसोबत ठेवले व तिचा कल गुजरातीकडे दाखविला. वर उल्लेखिलेले '-ना, -नी, -नं' हे प्रत्यय त्या मताच्या आधारांपैकी होत. ही मराठीचीच बोली असे पुढे अनेकांनी म्हटले. हा वाद विद्वानांचा. बोलणाऱ्याची अडचण जनगणनेच्या रकान्यापुढे सुरू होते. १९९१ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषकांची संख्या दहा लाखांच्या आत होती. २००१ मध्ये ती वीस लाखांच्या वर गेली. २०११ मध्ये सुमारे साडेअठरा लाखांवर आली. दहा वर्षांत दुप्पट होणे आणि पुढील दहांत घटणे हे लोकसंख्येच्या नियमांत बसत नाही. घरात बोलली जाणारी भाषा तीच राहिली. 'तुमची मातृभाषा कोणती?' या प्रश्नास 'मराठी' म्हणावे की 'अहिराणी' याविषयीचा निर्णय बदलला. दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती. शाळेच्या, अर्जाच्या, वर्तमानपत्राच्या दृष्टीने तो मराठीभाषक. ओट्यावर बसला की अहिराणीभाषक. रकाना मात्र एकच असतो.

राजकीय ओळखीचा रकानाही असाच एक असतो, आणि तो भरला की आत काय आहे ते पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. ज्या जळगावकराला शेतीमालाच्या भावाविषयी एका पक्षाचे म्हणणे पटते, जातीविषयी दुसऱ्याचे, आणि तिसऱ्या पक्षाचा स्थानिक माणूस दवाखान्याच्या कामी उपयोगी पडतो, तो गोंधळलेला आहे असे मानण्याची घाई नको. त्याच्यापाशी तीन स्वतंत्र उत्तरे आहेत. त्याला विचारलेला प्रश्न एक आहे. त्याने स्वतःलाही तोच एक प्रश्न विचारावयाचे ठरविले तर मात्र त्याची खरी अडचण होते, कारण मग तो स्वतःच्या तीन मतांपैकी दोन दडपून एक नाव पत्करतो व पुढे त्या नावाची सर्व मते आपली म्हणून बोलू लागतो. सान्यांनी हे केले नाही. त्यांचा मनस्ताप बराचसा त्यामुळेच वाढला असावा.

अलीकडे तर नावांनीच माणसांचा हात सोडल्याचे दिसते. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. नाव आणि चिन्ह कोणाकडे राहावे याचा निर्णय निवडणूक आयोगाने अनुक्रमे फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. गावातला कार्यकर्ता सकाळी ज्या नावाचा होता ते नाव संध्याकाळी दुसऱ्याचे झाले. बोलीने यावर तत्काळ तोड काढली : शिंदे गट, ठाकरे गट, अजितदादा गट. सिद्धान्त सांगणारे '-वादी' येथे कोठेच नाही. षष्ठी आहे, आणि तीही आता संस्थेची नसून व्यक्तीची. प्रत्यय लुप्त झाला, संबंध उरला.

या सर्व शब्दसंग्रहात एकच शब्द असा आहे की तो कोणाचा हे सांगत नाही, काय करतो एवढेच सांगतो : 'कार्यकर्ता'. खानदेशातील राजकीय भाषेचे नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पक्षनामे नोंदवावीतच. परंतु त्यासोबत बोलणारा स्वतःविषयी कोणती विभक्ती वापरतो, पक्षाविषयी 'आम्ही' म्हणतो की 'ते', आणि 'कोणाचे' याऐवजी 'कशासाठी' असे विचारले असता त्याचे वाक्य किती लांबते, हेही टिपून ठेवावे. मुलाखत शक्यतो अहिराणीत किंवा त्या गावच्या बोलीत घ्यावी. प्रमाण मराठीत विचारले की उत्तर पुष्कळदा प्रचारसभेतले मिळते.