जुन्नर कोणत्या क्रमाने पाहावे?

आज आपल्याला जुन्नरविषयी बोलायचे आहे. पुण्याच्या उत्तरेला साधारण 90-95 किलोमीटरवर, कुकडीच्या खोऱ्यात वसलेले हे तालुक्याचे गाव. बहुतेक मंडळी तिथे दोन कारणांनी जातात : शिवनेरी आणि लेण्याद्री. सकाळी गड, दुपारी गणपती, वाटेत जेवण, संध्याकाळी घरी. यात गैर काहीच नाही. पण एक साधा प्रश्न मात्र बहुधा विचारायचा राहून जातो. एवढ्या गोष्टी नेमक्या इथेच का?

बघा ना. या एका गावाभोवती दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन असे किल्ले एका ओळीत उभे आहेत. डोंगर काय, सह्याद्रीत सगळीकडेच आहेत. मग इथेच एवढी दाटी कशाने झाली? उत्तर एका शब्दात सांगता येते : बाजार. म्हणून आमचे म्हणणे असे की, जुन्नर पाहायचे तर बाजाराच्या वाटेने पाहावे. माल ज्या क्रमाने आला, त्या क्रमाने आपण जावे.

माल यायचा कोकणातून. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढायचा, जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. तेव्हा पहिला मुक्काम नाणेघाट. गावापासून पश्चिमेला 30 किलोमीटरच्या आसपास. घाटमाथ्यावर खडकात खोदलेली वाट आहे आणि तोंडाशी एक मोठा दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरेने सांगतात. वाटेलगतच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन. मग यज्ञांची यादी, आणि त्यात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे. आपल्याकडच्या अंकचिन्हांचे फार जुने नमुने इथे सापडतात. आता एवढा मोठा लेख राजवाड्यात न कोरता घाटात का कोरला? कारण येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी तिथे थांबणार. या वाटेचा धनी कोण आणि रक्षण कोण करतो, हे त्याला कळले पाहिजे.

दुसरा मुक्काम लेण्यांचा. लेण्याद्रीला गिरिजात्मज गणपती ज्या लेण्यात आहे, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. शेजारीच चैत्यगृह आहे. पायऱ्या चढून गेलात तर तेही पाहून या. तुळजालेणीतले चैत्यगृह तर गोल आहे, स्तूपाभोवती 12 खांबांचे कडे. असे चैत्यगृह फार विरळा. पण ही लेणी खोदायला पैसा कोणी दिला? राजेलोकांनी थोडा. मानमोडीच्या डोंगरात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा, वर्ष 46 चा लेख आहे. बाकी नावे वाचली तर बाजारच समोर उभा राहतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्या कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवलेल्या होत्या. करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी कोणी शेतजमीन दिली. एका यवनाने संघाला भोजनमंडप दिला, तर दुसऱ्याने पाण्याची दोन टाकी.

या ठेवींपाशी जरा थांबू या, कारण आमच्या मते जुन्नरचे मर्म इथे आहे. ठेवीचा व्यवहार कसा चाले, ते नाशिकच्या लेण्यात स्पष्ट लिहिले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले. व्याज महिन्याला शेकडा 1. म्हणजे वर्षाचे झाले 240. त्यातून वर्षावासात राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण. हिशेब चोख जुळतो! मुद्दलाला हात लावायचा नाही, ते कायम राहायचे. त्याला शब्द आहे अक्षयनीवी.

आता विचार करा. ठेव ठेवणारा मरणार, आजचे विणकर मरणार, भिक्षूही बदलणार. तरी व्यवहार चालूच राहील, असे दगडावर कोरून ठेवायचे. ज्यांचे तोंडही आपण कधी पाहणार नाही, अशा माणसांवरचा हा विश्वास आहे. बाजार म्हणजे नफा आणि लबाडी, आणि लेणी म्हणजे वैराग्य, अशी सोपी वाटणी आपण करून टाकतो. जुन्नरला ती टिकत नाही. संन्याशाचे अन्नवस्त्र बाजारातून येत होते. आणि परक्याशी शब्द पाळण्याची जी सवय बाजाराला लागते, तिला विहारातून बळ मिळत होते.

हा विश्वास मोडतो कसा, तेही इथेच दिसते. 1470 च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलमार्गे जुन्नरला आला. अख्खा पावसाळा तो इथे राहिला. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, म्हणाला. तेव्हा खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली करून त्याला सोडवले, घोडाही परत मिळवून दिला. धर्म वेगळा, देश वेगळा; तरी परदेशी माणसाची अडचण दुसऱ्या परदेशी माणसाला कळली.

तिसरा मुक्काम शिवनेरी. आता गड चढताना खालचे गाव बघत बघत चढा. ही पेठ ज्याच्या हाती, त्याच्या हाती घाटाची जकात आणि घोड्यांचा व्यापार. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाहीचा डाव इथूनच मांडला, तो याचमुळे. 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवरायांचा जन्म या गडावर झाला. 1657 मध्ये त्यांनी मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नर शहरावर छापा घातला आणि द्रव्याबरोबर घोडेही नेले. जन्माचा गड मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. पेठेवर पहारा ठेवणारा असा गड कोणी सहज सोडत नाही.

बाजार अजून चालूच आहे. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट लागतात, ओतूरला कांदा. परतताना तिथे जरूर डोकवा. आणि जवळच खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या दिसतील, त्याही पाहा.

शेवटी एक विनंती. पावसाळ्यात नाणेघाटात तुफान गर्दी असते. बरेच लोक धबधबा बघतात, फोटो काढतात आणि गुहेत पाऊस चुकवायला शिरतात. भिंतीवर अक्षरे आहेत, हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. दोन हजार वर्षे टिकलेला तो लेख झिजत चालला आहे. त्याला हात लावू नका, टेकून उभे राहू नका, आपली नावे कोरू नका. सोबत मुले असतील तर एवढेच सांगा, की हा सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि तो आपल्या भरवशावर ठेवलेला आहे. अक्षयनीवीचा अर्थ त्यांना तेवढ्यावरून कळेल.