हंटिंग्टनचा आजार : रोग मेंदूत, धोका घशात

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे यजमान बेचाळीस वर्षांचे. दोन वर्षांपासून त्यांच्या हातापायांना चाळा लागल्यासारखी हालचाल होते, चालताना झोक जातो, राग अनावर होतो. मोठ्या रुग्णालयात तपासणी होऊन 'हंटिंग्टन' असे निदान झाले. "या रोगावर औषध नाही एवढेच आम्हाला सांगितले. पुढे काय होणार, आणि आमच्या दोन मुलांचे काय, हे कोणी सांगत नाही," असे त्या लिहितात. ज्यांना असा रुग्ण घरात सांभाळायचा आहे, त्यांना खरे उत्तर मिळालेच पाहिजे. म्हणून आजचा लेख.

रोग कशामुळे होतो?

जॉर्ज हंटिंग्टन या बाविशीतल्या अमेरिकन डॉक्टरने १८७२ साली या रोगाचे नेमके वर्णन केले. त्याचे वडील व आजोबाही डॉक्टर होते. काही घराण्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याचे या तिघांनी पाहिले होते. रोगाचे मूळ मात्र १९९३ साली सापडले. आपल्या चौथ्या गुणसूत्रावर एक जनुक असते. त्यात तीन रासायनिक अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. निरोगी माणसात ही पुनरावृत्ती २६ पर्यंत असते. ती ४० किंवा अधिक झाली, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला हा रोग होतोच. ३६ ते ३९ असल्यास होईल किंवा होणारही नाही. या बिघाडामुळे सदोष प्रथिन तयार होते आणि मेंदूच्या खोल भागातील पेशी हळूहळू मरू लागतात. हालचालींवर ताबा ठेवणे, विचार जुळवणे, भावना आवरणे ही कामे याच भागाच्या मदतीने चालतात.

म्हणजे हा रोग कोणाच्या करणीने होत नाही, संसर्गाने होत नाही आणि घरात आलेल्या सुनेच्या पायगुणाने तर नाहीच नाही.

रोग कसा वाढतो?

सुरुवात बहुधा तीस ते पन्नास या वयात होते. स्वभाव आधी बदलतो. शांत माणूस चिडका होतो, कामात चुका करू लागतो, हिशेब जुळत नाही, मन उदास राहते. मग बोटे, खांदे, चेहरा आपोआप हलू लागतात.

मधल्या काळात या हालचाली नाचल्यासारख्या दिसतात. चाल डगमगते, बोलणे अडखळते, वस्तू हातून पडतात. लोकांना वाटते, हा पिऊन आला आहे. ही चूक लोकच करतात असे नाही. माझ्या व्यवसायात मी असे दोनच रुग्ण पाहिले. त्यांतल्या पहिल्याला मी स्वतः चांगले दटावून दारू सोडायला सांगितले होते. तो दारूला शिवतही नव्हता. त्याच्या वडिलांची चौकशी मी पहिल्याच दिवशी केली असती, तर तो अपमान टळला असता.

शेवटच्या काळात हालचाली कमी होऊन अंग ताठरते. रुग्ण अंथरुणाला खिळतो, बोलणे बंद होते. पण आपली माणसे ओळखणे पुष्कळदा शेवटपर्यंत राहते. त्याच्या देखत 'याला काय कळतंय' असे बोलू नये. पहिल्या लक्षणापासून साधारण पंधरा ते वीस वर्षे हा प्रवास चालतो.

अमेरिकेचे प्रसिद्ध लोकगायक वुडी गथ्री यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांची आई याच रोगाने मनोरुग्णालयात वारली. पुढे गथ्रींचे वागणे बिघडले तेव्हा ते दारूवर ढकलले गेले. १९५२ साली खरे निदान झाले. नंतरची बरीच वर्षे रुग्णालयात काढून १९६७ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी ते गेले. अखेरीस त्यांना बोलताही येत नव्हते.

जीव कशाने जातो?

मेंदूतील बिघाड थेट प्राण घेतो असे सहसा होत नाही. गिळणे ही अनेक स्नायूंनी ठरावीक क्रमाने करायची क्रिया आहे. तो क्रम चुकला की अन्न-पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. त्यातून न्यूमोनिया होतो. या रोगातील मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हेच. घास अडकून गुदमरणे, पडून डोक्याला मार लागणे, हृदयविकार आणि आत्महत्या ही इतर कारणे. शिवाय रुग्ण खूप वाळत जातो. अंगाच्या सततच्या हालचालींत शक्ती खर्च होते, आणि तोंडावाटे पुरेसे जात नाही.

याचाच अर्थ असा की, रोग थांबवता आला नाही तरी त्याचे पुष्कळ घाव घरच्या घरी अडवता येतात.

जेवताना घ्यायची काळजी

रुग्णाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी. घास लहान द्यावा. पहिला गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. जेवताना टीव्ही बंद असावा, बोलायला लावू नये. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. चिवडा, शेंगदाणे, कोरडी भाकरी टाळावी. मऊ खिमट, घट्ट वरणात कालवलेला भात, शिरा, कुस्करलेले केळे, दही चांगले. पातळ पाणी व चहा यांनीच जास्त ठसका लागतो. ते कसे दाट करून द्यावे हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. तूप, साय, साखर घालून थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. दर महिन्याला वजन करावे. तोंड व दात रोज स्वच्छ ठेवावेत.

घास अडकून खोकताही येईना, तर पाणी पाजू नका. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच वेळा दाबा. हेच आलटून पालटून करत राहा व दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. जेवताना वारंवार खोकला, घोगरा ओलसर आवाज, ताप, धाप यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुढे पोटात नळी घालून अन्न द्यायचे की नाही, हे रुग्णाला सांगता येते तोवरच त्याला विचारून ठेवावे.

मन व औषधे

हालचाली कमी करणारी टेट्राबेनाझिनसारखी औषधे आहेत. पण त्यांनी उदासी वाढू शकते, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावे. उदासी, चिडचिड व झोप यांवर औषधांचा चांगला उपयोग होतो. निदानाच्या सुमारास आणि परावलंबन सुरू होताना आत्महत्येचा धोका अधिक असतो. 'मला जगायचे नाही' हे बोलणे कधी हसण्यावारी नेऊ नये. शेतीची औषधे कुलपात ठेवावीत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. रोगाची गती रोखणाऱ्या उपचारांचे प्रयोग चालू आहेत; रोग मुळापासून बरा करणारा उपचार मात्र अजून हाती नाही.

मुलांचे काय?

प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, हा दोष येण्याची शक्यता निम्मी असते. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडते. गथ्रींच्या दोन मुली याच रोगाने गेल्या. गायक मुलगा आर्लो मात्र सुटला. ज्याला दोष आला नाही, त्याच्या मुलांनाही तो त्याच्याकडून जात नाही. रक्ताच्या तपासणीने हे आधी कळू शकते. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांत ती सोय आहे. पण लक्षणे नसलेल्या अठरा वर्षांखालील मुलांची तपासणी करू नये. सज्ञान झाल्यावर, आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाचा सल्ला घेऊन, ज्याचे त्याने ठरवावे. जाणून घ्यायचे नाही, हाही त्याचा हक्कच आहे. लग्नाआधी मात्र घरातील आजार जोडीदारापासून लपवू नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढेच सांगेन. तुमच्या यजमानांपुढे अजून बरीच वर्षे आहेत. येत्या आठवड्यात त्यांचे वजन लिहून ठेवा, आणि जेवायला त्यांच्याजवळ निवांत बसा. या रोगात औषधाच्या गोळीइतकेच मोल सावकाश भरवलेल्या घासाला आहे.