स्वामी रामानंद तीर्थ : सत्याग्रह आणि उमरी

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांना (१९०३–१९७२) आपण 'हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी' म्हणतो; पण त्यांची लढाई आधी नागरी हक्कांची होती. निजामी राज्यात 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकामुळे परवानगीशिवाय सभा भरवता येत नसे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी आली. स्वामीजींचे उत्तर होते सत्याग्रह : २४ ऑक्टोबरला उघडपणे बंदी मोडायची आणि तुरुंगात जायचे. भाषण, संघटना आणि जबाबदार राज्यपद्धती एवढ्याच मागण्या होत्या. निजामाला हटवण्याची भाषाही तेव्हा नव्हती.

यावर आक्षेप असा की, पुढे राज्याच्या सरहद्दीवर मुक्तिसंग्रामाचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले आणि ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक त्या कॅम्पमधल्यांनी लुटली. हे नाकारण्यात अर्थ नाही. अखेरचा निकालही १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या भारतीय लष्करी कारवाईनेच ('पोलीस ॲक्शन') लावला. पण शस्त्रे आली ती रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या) अत्याचारांनंतर, सत्याग्रहाला जवळपास दहा वर्षे उलटल्यावर. शिवाय सैन्य राज्य जिंकू शकते, प्रजेचे नागरिक करू शकत नाही. ते काम तुरुंग भरणाऱ्यांनी आणि त्याआधी हिप्परगा, अंबाजोगाईच्या राष्ट्रीय शाळांनी केले होते. नांदेड-लातूरच्या मुक्तिदिन सोहळ्यांत मात्र पोलीस ॲक्शनच जास्त गाजते, गश्तीचा उल्लेख क्वचितच होतो.