यादीत ‘कऱ्हाड’ दिसतंय, मग सी प्रोग्रामला ते का सापडत नाही?

गावांच्या यादीत ‘कऱ्हाड’ आहे, पण शोधल्यावर ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं. असं का होतं?

सी भाषेत मजकुरातला शब्द शोधायला ‘स्ट्रस्ट्र’ (एस-टी-आर दोनदा) हे फंक्शन वापरतात. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेपासून ते आहे. शब्द सापडला तर त्याची पहिली जागा दाखवणारा पॉइंटर मिळतो, नाहीतर ‘नल’.

पण हे फंक्शन अक्षरं ओळखत नाही, फक्त बाइट्स जुळवतं. म्हणूनच ‘राम’ शोधलं तर ‘आराम’ही सापडतो.

‘ऱ’ची गंमत वेगळी. यूटीएफ-८ मध्ये तो दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून ३ बाइट्समध्ये, किंवा ‘र’ आणि नुक्ता मिळून ६ बाइट्समध्ये. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. यादीत एक आणि शोधात दुसरा आला की उत्तर ‘नल’.

उपाय काय?

शोधण्याआधी दोन्ही मजकूर युनिकोडच्या एकाच प्रमाणित रूपात आणायचे. हे काम ‘स्ट्रस्ट्र’ करत नाही. त्यासाठी ‘आयसीयू’सारखी लायब्ररी लागते. ही पायरी गाळली, तर यादीत नाव असूनही माणसाला ‘तुमचं नाव नाही’ असं ऐकावं लागतं.