पायांची जळजळ म्हणजे ‘वय झाले’ नव्हे : न्यूरोपॅथी ओळखा, वेळीच सांभाळा

राज्यघटनेचा मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी संविधान सभेच्या अध्यक्षांकडे सादर झाला. त्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना रात्री झोप लागत नव्हती. मधुमेह होता, इन्सुलिन सुरू होते आणि पायांत मज्जातंतूंच्या वेदना होत्या. त्यासाठी त्यांना मुंबईत येऊन उपचार घ्यावे लागले. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब आंबेडकर यांच्याशी झाला आणि पुढे त्यांच्या प्रकृतीची काळजी माईसाहेबांनी वाहिली. या दुखण्यासह बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभागृहात मांडला, एकेका कलमावर उत्तरे दिली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली व दिली.

आपण हा इतिहास त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण या गोष्टीत एक आजारही आहे. तो आज आपल्या वस्तीत घरोघरी आहे, तरी त्याचे नाव अनेकांना ठाऊक नाही. आजीचे तळपाय रात्रभर जळतात, काकांच्या पायाला मुंग्या येतात, एखाद्या निवृत्त कामगाराला पायाखाली कापूस पसरल्यासारखे वाटते. विचारले तर उत्तर ठरलेले : “वय झाले, चालायचेच.” या आजाराला न्यूरोपॅथी म्हणतात. त्याला कारण असते, तपासणी असते आणि उपायही असतात.

नेमके काय बिघडते?

मेंदू आणि मणक्यातून निघालेले मज्जातंतू हातापायांच्या टोकापर्यंत जातात. स्पर्श, ऊन-गार, दुखणे यांच्या बातम्या ते वर नेतात आणि हालचालीचे हुकूम खाली आणतात. साखर, जीवनसत्त्वाची कमतरता, दारू किंवा एखादे औषध यांमुळे हे तंतू खराब होऊ लागले की सर्वांत लांब तंतूंना आधी फटका बसतो. म्हणून सुरुवात बहुतेक वेळा पायाच्या बोटांपासून होते. मग बधिरपणा मोजा घातल्यासारखा वर चढतो आणि पुढे हातांच्या बोटांतही येतो.

खराब झालेला तंतू दोन उलटी कामे एकाच वेळी करतो. खरी बातमी पोहोचवत नाही आणि खोटी बातमी पाठवत राहतो. त्यामुळे पायात काच घुसली तरी कळत नाही, पण तोच पाय रात्री आगीवर धरल्यासारखा जळतो. कुणाला सुया टोचतात, कुणाला करंट बसतो, कुणाला अंगावरची चादरही सहन होत नाही. बाहेरून पाय धडधाकट दिसतो, एक्सरे चांगला येतो, म्हणून घरच्यांना ते ‘नाटक’ वाटते. ते नाटक नसते. दुखणे खरे असते, फक्त बिघाड त्वचेत किंवा हाडात नसून तंतूत असतो.

एक साधी खूण लक्षात ठेवा. चालताना पायातली चप्पल निसटली आणि चार पावले पुढे गेल्यावर ते समजले, तर तो पाय डॉक्टरांना दाखवायला हवा.

आधी कारण शोधा

सर्वांत मोठे कारण मधुमेह. अनेकांना मधुमेह असल्याचे पायांच्या तक्रारीनंतरच कळते. उपाशीपोटी साखर आणि मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणी करून घ्यावी. ती ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर मधुमेह धरला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात तिशीपुढच्या लोकांची साखर व रक्तदाब तपासण्याची सोय असते. तिथे जायला लाज कसली?

दुसरे कारण जीवनसत्त्व बी-१२ कमी असणे. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळते. शाकाहार स्वीकारलेल्या उपासक-उपासिकांनी, आणि दूध-अंडी परवडत नाही अशा घरांनीही, याकडे लक्ष द्यावे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही बी-१२ घटते. पण त्यासाठी मेटफॉर्मिन मनाने बंद करू नये, रक्त तपासून बी-१२ भरून काढावे.

तिसरे कारण दारू. दारू तंतूंना थेट इजा करते आणि पिणाऱ्याचे जेवणही सुटते, त्यामुळे नुकसान दुहेरी होते. पंचशीलातील पाचवे शील पाळण्याचा हा अगदी शारीरिक फायदा आहे.

याशिवाय थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार, एचआयव्ही आणि कर्करोगाची काही औषधे हीदेखील कारणे आहेत. क्षयरोगावरील आयसोनियाझिड या गोळीने बी-६ जीवनसत्त्व कमी होऊन हातपाय बधिर होऊ शकतात, म्हणून तिच्यासोबत बी-६ ची गोळी देतात. ती टाळू नका. आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी ताबडतोब करा. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. वेळेत घेतला तर रोग पूर्ण बरा होतो, पण उशीर झाल्यास तंतूंचे नुकसान मागे राहते.

एक प्रकार मात्र वाट पाहण्याचा नाही. काही तासांत किंवा दिवसांत पायांतली ताकद जाऊ लागली, अशक्तपणा वर चढू लागला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची साथ आली, तेव्हा हीच लक्षणे होती.

औषधे : कोणती लागू पडतात, कोणती नाही

मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तंतूंच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. महिनोन्महिने घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होते, आणि मधुमेह असेल तर हा धोका आणखी वाढतो.

या दुखण्यावर वेगळ्या गटाची औषधे आहेत : अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन. यातली पहिली दोन मुळात नैराश्यासाठी आणि पुढची दोन प्रामुख्याने फिटसाठी वापरली गेली. म्हणून चिठ्ठी पाहून किंवा दुकानदाराकडून ऐकून लोक घाबरतात : “मला काय वेड लागलंय?” तसे काही नाही. ही औषधे मज्जातंतूंतून जाणारे चुकीचे संकेत मंद करतात. कमी मात्रेपासून सुरुवात करून डॉक्टर ती हळूहळू वाढवतात आणि फरक कळायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नका आणि चालू असलेले औषध एकदम तोडू नका. गुंगी, चक्कर, तोंड कोरडे पडणे, पायावर सूज असे काही झाले तर डॉक्टरांना सांगा. हृदयविकार किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तोही आधीच सांगा.

मिरचीतील तिखट घटक असलेले कॅप्सेसिन मलमही काहींना उपयोगी पडते. ते लावताना सुरुवातीला आग होते. जखमेवर लावू नये आणि लावल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

दुखणे शून्यावर येईलच असे नाही. ते निम्म्यावर आले, रात्री सलग झोप लागली, दुकानापर्यंत चालता आले, तर उपचार यशस्वी आहे असे समजावे. तंतू पुन्हा वाढले तरी त्यांचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो. धीर धरावा लागतो.

यातले एकही औषध १९४८ मध्ये उपलब्ध नव्हते. आज ती तालुक्याच्या गावी मिळतात आणि जनऔषधी केंद्रात त्यांतली बरीच स्वस्तात मिळतात. जे बाबासाहेबांना मिळू शकले नाही ते आपल्या हाताशी असताना नुसते सोसत बसण्यात शहाणपण नाही.

दुखण्यापेक्षा बधिरपणा घातक

जळणारा पाय माणसाला डॉक्टरकडे नेतो. बधिर पाय मात्र काहीच सांगत नाही. जखम होते, चिघळते, वास येऊ लागल्यावर घरचे बघतात आणि मग बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. यातले बरेचसे टाळता येते. त्यासाठी रोज पाच मिनिटे द्यावी लागतात.

रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा नातवंडाला बघायला सांगा. पाय कोमट पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या करा. भेगांना खोबरेल लावा, पण बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडने कापू नका. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका आणि शेकोटीजवळ पाय धरू नका. भाजलेले कळणारच नाही. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहा. बूट घालण्यापूर्वी हात घालून आत खडा नाही ना, हे तपासा. नवे पादत्राण संध्याकाळी घ्या, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. सफाई, बांधकाम आणि शेतात काम करणाऱ्यांनी जाड तळाचे बूट वापरलेच पाहिजेत. ते पुरवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, हेही ठणकावून सांगावे.

आता आपल्या विहारांबद्दल. विहाराबाहेर चप्पल काढण्याची आपली रीत आहे. पण बुद्धपौर्णिमा वैशाखात येते. दुपारच्या फरशीवर अनवाणी चाललेल्या मधुमेही माणसाच्या तळव्याला फोड येतो आणि त्याला तो दुसऱ्या दिवशी दिसतो. अशा उपासकाने स्वच्छ मोजे किंवा आतल्यासाठी वेगळी स्लीपर वापरली तर कुणी भुवया उंचावू नयेत. दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर तासन्‌तास रांगेत उभे राहणाऱ्यांनी नवी पादत्राणे घालू नयेत, गोळ्या आणि खाऊ जवळ ठेवावा आणि मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्यांदा पाय तपासावेत.

दुसरा बाण

तथागतांनी वेदनेबद्दल दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो. त्यावर माणूस शोक करतो, चिडतो, घाबरतो, तो दुसरा बाण. आणि तो आपणच आपल्याला मारून घेतो. तंतूंच्या दुखण्यात हा दुसरा बाण रोज रात्री लागतो : “आता आयुष्यभर असेच का? माझे पाय कापतील का?” काळजीने झोप उडते, झोप उडाली की दुखणे अधिक जाणवते आणि मन आणखी घाबरते.

इथे ध्यानाचा खरा उपयोग आहे. जळजळीला नाव न देता, तिच्याशी न भांडता ती कुठे आहे, कशी बदलते हे पाहत राहिल्याने घबराट उतरते. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगतेवर आधारलेला कार्यक्रम सुरू केला. आता अनेक देशांतील रुग्णालयांत असे कार्यक्रम चालतात.

पण मर्यादाही ओळखा. ध्यानाने साखर उतरेल किंवा बी-१२ भरून निघेल असे समजून गोळ्या बंद करणे चूक आहे. दुसरा बाण ध्यानाने अडवता येतो, पहिला काढायला वैद्यच लागतो. पाठ दुखू लागल्यावर स्वतः तथागतांनी शिष्याला धम्म सांगायला लावून विश्रांती घेतल्याचे प्रसंग सुत्तांत आहेत. तेव्हा दहा दिवसांच्या शिबिराला जाताना आजार आणि औषधे अर्जात लिहा. मांडी घालून पाय आणखी बधिर होत असेल तर खुर्ची मागा. खुर्चीवर बसल्याने साधना उणी होत नाही.

घराने आणि विहाराने काय करावे

घरात रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा असू द्या. बधिर पायाने माणूस अंधारात पडतो. पायाला ब्रेक नीट कळत नसेल तर गाडी चालवू देऊ नका. रोज सपाट रस्त्यावर, बुटासह, झेपेल तेवढे चालायला सोबत जा. आणि “दिसत तर काही नाही” हे वाक्य घरातून हद्दपार करा.

विहार समित्यांनी रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा साखर आणि पाय तपासणी ठेवावी. जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका, आपल्याच वस्तीतील एखादी नर्स किंवा डॉक्टर झालेली मुलगी हे काम करू शकते. तळव्याला टेकवायचा बारीक नायलॉनचा धागा आणि घोट्याला लावायचा नादकाटा, एवढ्यावर पायाची पहिली परीक्षा होते. खर्च जयंतीच्या एका बॅनरपेक्षा कमी येईल.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. आणि आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी घरातल्या थोरांचे तळपाय एकदा उजेडात बघावेत.