स्वप्नाला साक्षीचा मान

आस्तिकाचा मेंदू झोपेत जे व्यापार करतो, तेच नास्तिकाचाही करतो. शिकागो विद्यापीठातील यूजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ मध्ये झोपेचा एक विशिष्ट टप्पा नोंदवला. या टप्प्यात मिटल्या पापण्यांआड बुबुळे झपाट्याने हलत असतात आणि त्यातून जागे केलेली माणसे बहुधा एखादे ठळक स्वप्न सांगतात. निरोगी माणसाच्या झोपेत तो रात्रीतून चार-पाच वेळा येतो, मग त्याचा धर्म कोणताही असो. फरक पडतो तो जाग आल्यानंतर. रात्री दिसलेल्या विस्कळीत दृश्यांपैकी कोणते जपून ठेवायचे, ते कोणाच्या कानावर घालायचे, त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा आणि अर्थ लागल्यावर करायचे काय, हे ज्याच्या-त्याच्या परंपरेने बऱ्याच अंशी आधीच ठरवलेले असते. श्रद्धेमुळे स्वप्नात देव दिसतो, एवढेच म्हणून भागत नाही, कारण श्रद्धेचे मोठे काम निवड करण्याचे आहे.

ही निवड किती कडक असू शकते, हे आयुर्वेदाच्या चरकसंहितेत दिसते. रोग्याच्या आयुष्याचा अंदाज घेताना वैद्याने कोणती लक्षणे पाहावीत, हे सांगणाऱ्या 'इंद्रियस्थान' या विभागात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत. पाहिलेल्या गोष्टींचे ते दृष्ट, ऐकलेल्यांचे श्रुत, अनुभवलेल्यांचे अनुभूत, इच्छिलेल्यांचे प्रार्थित आणि मनाने रचलेल्यांचे कल्पित. या पाचांखेरीज पुढे घडणाऱ्या गोष्टीची सूचना देणारे ते भाविक आणि वात, पित्त, कफ यांच्या बिघाडातून पडणारे ते दोषज. यांतील पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, तसेच दिवसा पडलेले, फार लांबलेले किंवा फारच आखूड स्वप्नही सोडून द्यावे, असे संहिता सांगते. स्वप्नाला सूचक मानणारा हा ग्रंथ अशा रीतीने बहुतेक स्वप्ने बाजूलाच काढतो. साप दिसला की अमुक आणि पाणी दिसले की तमुक, असे सरसकट फळ वाटणाऱ्या पंचांगी पुस्तिकांना प्राचीन शास्त्राचा वारसा सांगताना हा संयम मात्र आठवत नाही.

जैन परंपरेत निवडीबरोबर मोजदादही येते. श्वेतांबर पंथाच्या कल्पसूत्रानुसार महावीर गर्भात असताना त्रिशला राणीला हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी अशी चौदा स्वप्ने पडली, आणि जाग आल्यावर पुन्हा झोप लागून एखाद्या अशुभ स्वप्नाने त्यांचे फळ नासू नये म्हणून तिने उरलेली रात्र जागून काढली. चरकसंहितेतही याच्याशी जुळणारा नियम आहे, की अशुभ स्वप्नानंतर त्याच रात्री शुभ स्वप्न पडले तर फळ शुभाचेच मिळते. शेवटचे स्वप्न आधीच्याला खोडते, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे. दुसऱ्या दिवशी त्रिशलेचा पती सिद्धार्थ राजा याने स्वप्नपाठकांना, म्हणजे स्वप्नांचे अर्थ सांगणाऱ्या जाणकारांना, बोलावले, आणि त्यांनी एकूण बहात्तर स्वप्ने मोजून त्यांतील बेचाळीस सामान्य व तीस महास्वप्ने असल्याचे सांगितले. तीर्थंकराची किंवा चक्रवर्तीची माता चौदा महास्वप्ने पाहते, जैनांच्या महापुरुषांच्या श्रेणीतील वासुदेवाची सात, बलदेवाची चार आणि मांडलिक राजाची एक. येथे स्वप्न हे व्यक्तीच्या मनाचे गुपित उरतच नाही, तर होणाऱ्या पुत्राचा दर्जा सांगणारे ते एक प्रमाणपत्र ठरते. दिगंबर पंथ मात्र चौदाऐवजी सोळा स्वप्ने मानतो, म्हणजे घटना एकच असूनही पंथ बदलताच तिचा तपशील बदलतो. श्वेतांबरांच्या पर्युषणपर्वात या चौदा स्वप्नांच्या प्रतिमा आजही समारंभाने आणल्या जातात आणि त्यांचा मान मिळवण्यासाठी बोली लावली जाते.

इस्लामने या प्रश्नाकडे अधिक सावधपणे पाहिले आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व आचरणाच्या परंपरेत, स्वप्नांचे तीन उगम सांगितले आहेत: अल्लाहकडून येणारी शुभवार्ता, सैतानाकडून येणारी भीती आणि माणसाचे स्वतःचे विचार. चांगले स्वप्न पडल्यास ते प्रेमाच्या माणसालाच सांगावे, वाईट पडल्यास अल्लाहचा आश्रय मागून कूस बदलावी आणि त्याची वाच्यता करू नये, असा संकेत आहे. सत्य स्वप्नाला प्रेषितत्वाचा सेहेचाळिसावा अंश मानून त्याची प्रतिष्ठा वाढवली गेली, परंतु स्वप्नाच्या आधारे शरियतचा कोणताही नियम बदलता येत नाही, अशी मर्यादाही धर्मशास्त्रज्ञांनी घालून दिली. ज्यूंच्या धर्मग्रंथातही, चमत्कार दाखवून लोकांना अन्य देवांकडे वळवू पाहणाऱ्या स्वप्नद्रष्ट्याचे ऐकू नये, अशी ताकीद आहे. ज्या धर्मांचा पाया एका लिखित ग्रंथावर आहे, त्यांना रोज रात्री नवी आज्ञा मिळण्याची शक्यता धोक्याची वाटली, यात नवल नाही. तरीही त्याच ज्यूंच्या तालमूदमध्ये एक विलक्षण कथा आहे: एका धर्मपंडिताने आपले एकच स्वप्न जेरुसलेममधील चोवीस अर्थकारांना सांगितले, प्रत्येकाने निराळा अर्थ सांगितला आणि ते चोवीसही अर्थ खरे ठरले. स्वप्नाचे फळ अर्थ सांगणाऱ्याच्या मुखावर अवलंबून असते, एवढी मोठी कबुली ही कथा देते.

श्रद्धा आणि स्वप्नार्थ यांचा संबंध अलीकडे मानसशास्त्राने प्रयोगातूनही तपासला आहे. केरी मोरवेज आणि मायकेल नॉर्टन या अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत, दक्षिण कोरिया आणि अमेरिका येथील विद्यार्थ्यांचा समावेश होता, आणि स्वप्नांत दडलेले सत्य असते असे मानणाऱ्यांची संख्या तिन्ही देशांत अधिक भरली. देव स्वप्नात येऊन काही सांगतो, अशी कल्पना करायला लावल्यावर श्रद्धावंतांनी अशा स्वप्नाला महत्त्व दिले, हे अपेक्षितच होते. अज्ञेयवाद्यांनी, म्हणजे देव आहे की नाही हे कळणे शक्य नाही असे मानणाऱ्यांनी, देवाची आज्ञा सुखावह असेल तर त्या स्वप्नाला अधिक अर्थ दिला आणि ती त्यागाची असेल तर कमी. सोयीचे तेवढे स्वप्न खरे धरण्याची ही वृत्ती सार्वत्रिक असावी. तथापि, ज्या स्वप्नांनी परंपरा घडवल्या त्यांतील काही अतिशय गैरसोयीची होती, आणि त्याची ठळक उदाहरणे वारकरी संप्रदायात सापडतात.

ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर सुमारे तीन शतकांनी ते एकनाथांच्या स्वप्नात आले आणि अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती आळंदीला येऊन काढावी, असे त्यांनी सांगितले, असा वृत्तांत एकनाथांच्याच नावे असलेल्या अभंगात आहे. एकनाथ आळंदीला गेले, समाधिस्थान त्यांनी पुन्हा प्रकाशात आणले आणि पुढे जुन्या प्रती पाहून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम १५८४ मध्ये पूर्ण केले. स्वप्नाने त्यांना या कार्याचा अधिकार दिला, असे संप्रदाय मानतो, पण पाठ शुद्ध झाला तो प्रतींवर घेतलेल्या कष्टांमुळे.

तुकारामांच्या बाबतीत हा अधिकाराचा प्रश्न अधिक तीव्र होता. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मस्तकी हात ठेवून 'रामकृष्णहरी' हा मंत्र दिला, असे तुकारामांनी स्वतः सांगितले आहे, आणि त्या कथनात एक अत्यंत घरगुती तपशील येतो, की गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले आणि शिष्याला त्याचा विसर पडला. दुसऱ्या स्वप्नात नामदेव पांडुरंगासह आले आणि आपली अपुरी राहिलेली अभंगसंख्या पूर्ण करण्याची आज्ञा त्यांनी दिली. शूद्र मानल्या गेलेल्या माणसाने धर्मार्थ सांगणारी रचना करावी, हे तत्कालीन धर्माधिकाऱ्यांना रुचणारे नव्हते, आणि या विरोधातूनच अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची पाळी तुकारामांवर आली, असे परंपरा सांगते. ही वाणी आपली नसून आज्ञेने आलेली आहे, हे उत्तर तुकाराम देऊ शकले ते स्वप्नाच्या बळावर. मात्र ज्या आज्ञेने त्यांना बोलते केले, तिनेच हा छळही ओढवला.

तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई यांना तर स्वप्नाखेरीज वाटच नव्हती. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग ऐकून त्यांना ध्यास लागला होता, पण ब्राह्मण घरातील विवाहितेने शूद्र गुरूचा उपदेश घेणे किंवा एकटीने तुकारामांच्या देहूला जाणे शक्य नव्हते. तुकाराम हयात असतानाच आपल्या स्वप्नात आले आणि त्यांनी मंत्र दिला, असे बहिणाबाई आपल्या आत्मनिवेदनात सांगतात. ज्या घटनेला पत्नी अनुग्रह मानत होती, तीच पतीला कुलाची नाचक्की वाटली. त्याने मारहाण केली, घर सोडून जाण्याचा निश्चय केला आणि नंतरच्या आजारपणात त्याचे मन पालटले. कुटुंब देहूला आल्यावर तेथील मंबाजी गोसाव्याने बहिणाबाईंना आपले शिष्यत्व पत्करण्यास सांगितले, आणि तुकारामांचा उपदेश मिळाल्याचे कळताच, शूद्राकडून, तोही स्वप्नात मिळालेला उपदेश तो मानायला तयार झाला नाही. बहिणाबाईंनी आपली गुरुपरंपरा सांगताना आदिनाथांपासून ज्ञानेश्वरांपर्यंत आणि पुढे राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी, तुकाराम अशी नावे ओवली, आणि त्या साखळीतील शेवटचे दोन दुवे, बाबाजींकडून तुकारामांकडे आणि तुकारामांकडून स्वतःकडे आलेले, स्वप्नातले असूनही जागेपणी मिळालेल्या उपदेशाहून त्यांना कमी लेखले नाही.