विश्लेषण : मोबाइलवर मराठी टाइप करता, ते आणखी कोण वाचू शकते?

मोबाइलमध्ये बाहेरचा एखादा मराठी कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड एक इशारा दाखवते. हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेला सगळा मजकूर, अगदी पासवर्ड आणि कार्डाचे क्रमांकही, गोळा करू शकतो, असा त्याचा आशय असतो. बहुतेक जण ‘ओके’ दाबून पुढे जातात. हिंगणघाटच्या बाजारातला कापसाचा भाव विचारायचा असो, सेवाग्रामच्या रुग्णालयातला रिपोर्ट घरी कळवायचा असो की बँकेचा पासवर्ड टाकायचा असो, प्रत्येक अक्षर आधी कीबोर्डच्या हातून जाते. व्हॉट्सअ‍ॅपचे एन्क्रिप्शन त्यानंतर सुरू होते. मग हा कीबोर्ड काय करतो, हे वर्ध्यातल्या वापरकर्त्याने कसे तपासायचे?

ही भीती खरी आहे का?

डिसेंबर २०१७ मध्ये ‘एआय टाइप’ या कीबोर्डच्या सुमारे ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडल्याचे समोर आले. सर्व्हरला पासवर्डच नव्हता. नावे, फोन नंबर, ठिकाण, संपर्क यादी असे बरेच काही त्यात होते. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या ‘सिटिझन लॅब’ने चिनी भाषेसाठीच्या कीबोर्डची तपासणी केली. नऊपैकी आठ कंपन्यांच्या कीबोर्डमध्ये टाइप केलेली अक्षरे वाटेतच वाचता येतील अशा त्रुटी सापडल्या. शाओमी, ओप्पो, विवो आणि सॅमसंग ही नावे त्यात होती. त्रुटी चिनी कीबोर्डमधल्या होत्या, मराठीतल्या नव्हेत, आणि कळवल्यानंतर बहुतेक दुरुस्तही झाल्या. पण बाहेरच्या संशोधकांनी खोदून काढेपर्यंत वापरकर्त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मुक्त सॉफ्टवेअरने काय बदलते?

इंग्रजीतल्या ‘फ्री’ शब्दाने घोळ होतो. मराठीत सोपे आहे, फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यातून ही चळवळ उभी राहिली. सॉफ्टवेअर वापरणे, त्याचा मूळ कोड वाचणे, तो बदलणे आणि इतरांना देणे, हे हक्क वापरकर्त्याकडे असतात. बंद सॉफ्टवेअरची कंपनी खोटेच बोलते असे नाही, पण तिच्या शब्दावर विसंबण्यापलीकडे फारसे काही हाती नसते.

वर्ध्याला ही कल्पना नवखी वाटू नये. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी अशा की किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको, यंत्र २० वर्षे चालावे आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांत व्हावी. यंत्र ज्याच्या घरी, त्याच्या आवाक्यात राहावे, हा त्यामागचा हिशेब.

कोड उघडा म्हणजे धोका संपला?

मुळीच नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. दोन वर्षे विश्वास कमावून एका सहभागी व्यक्तीनेच तो बसवला होता. सर्व्हरवर लॉग इन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि प्रकरण उघड झाले. त्यांना कोड उघडून पाहता आला. तरीही नशिबाचा भाग होताच.

मराठीसाठी पर्याय कोणते?

‘हेलीबोर्ड’ हा मुक्त कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही, आणि परवानगी नसलेल्या अ‍ॅपला अँड्रॉइड इंटरनेट वापरू देत नाही. त्यात मराठी मांडणी आहे. अडचणीही आहेत. बोलून टाइप करण्याची स्वतःची सोय नाही, बोट फिरवून लिहायचे तर वेगळी बंद फाइल जोडावी लागते आणि ‘kasa’ लिहून ‘कसा’ मिळवण्याची सवय मोडावी लागते. ती सवय सोडवत नसेल, तर ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ या केरळमधील गटाशी संबंधित ‘इंडिक कीबोर्ड’मध्ये मराठी लिप्यंतराचा पर्याय मिळतो.

कायदा काय म्हणतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती घेताना दिली जाणारी सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मात्र संमतीपलीकडे अ‍ॅप गुपचूप काही पाठवते का, हे त्या सूचनेतून कळत नाही.

आज काय तपासता येईल?

सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीतून कीबोर्ड निवडा आणि ‘परवानग्या’ उघडा. इंटरनेटचा उल्लेख तिथे वरवर दिसत नाही. अनेक फोनमध्ये कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबून ‘सर्व परवानग्या’ पाहाव्या लागतात. तिथे पूर्ण नेटवर्क वापरण्याची नोंद असेल, तर तो कीबोर्ड माहिती बाहेर पाठवू शकतो. पाठवतोच असे नाही, स्टिकर आणि नव्या शब्दांसाठीही इंटरनेट लागते. फोनसोबत आलेल्या कीबोर्डसाठी सुरुवातीचा तो इशारा दिसत नाही, त्यामुळे त्याच्या परवानग्याही याच वाटेने पाहून घ्याव्यात.